देवमाणूस नको, डॉक्टर हवा

जुलै महिन्याची पहिली तारीख जवळ आली की आमच्याकडच्या महाविद्यालयांत, वाचनालयांत आणि सेवाभावी मंडळांच्या सभागृहांत डॉक्टर दिनाचे कार्यक्रम सुरू होतात आणि त्यांना वक्ता म्हणून मराठीच्या प्राध्यापकाला बोलावण्याची एक रीत पडून गेली आहे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला कोणी बोलावत नाही. हळहळ व्यक्त करायची असेल तर ती मराठीवाल्यानेच करावी, असा काहीतरी अलिखित संकेत असावा. भाषणाचा साचाही ठरलेला असतो. पूर्वीचा डॉक्टर कसा घरातलाच माणूस होता, मध्यरात्री हाक मारली तरी सायकलवर टांग टाकून कसा यायचा, फी विचारली की 'सुगीला बघू' कसे म्हणायचा. आणि आताचा डॉक्टर कसा तपासण्यांच्या चिठ्ठ्या फाडतो, कमिशन कसे खातो. शेवटी 'डॉक्टर आता देवमाणूस राहिला नाही' हे वाक्य येते. टाळ्या पडतात. पहिल्या रांगेतले डॉक्टरही टाळ्या वाजवतात, कारण प्रत्येकाला खात्री असते की रोख शेजारच्या खुर्चीवर आहे.

हे भाषण मी स्वतः तीन वेळा केले आहे. ते मागे घेण्यासाठी हा लेख.

माझे म्हणणे असे, की हा विलाप ऐकायला गोड असला तरी तो खोटा आहे आणि आपल्यासारख्या भागात तो घातकही आहे. आपला समाज डॉक्टर नावाच्या माणसाकडून नको तितके मागतो आणि दवाखाना नावाच्या संस्थेकडून जवळजवळ काहीच मागत नाही. पहिली मागणी अवास्तव असल्यामुळे ती पुरी होत नाही, आणि मग तिचा राग होतो. दुसरी मागणी केलेलीच नसल्यामुळे ती नाकारण्याची वेळही कोणावर येत नाही. हे मी किल्लारीच्या परिसरात वाढलेला माणूस म्हणून लिहीत आहे. का, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटे असताना जमीन हलली तेव्हा मी नववीत होतो. विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. आमची घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी म्हणून ज्यांची ख्याती, त्याच भिंतींनी माणसे झोपेत पुरली. मृतांचा आकडा पुस्तकागणिक बदलतो, आठ हजारांच्या आसपासपासून दहा हजारांच्या जवळपर्यंत. माझा डावा पाय गुडघ्याखाली दगडात अडकला होता. शेजारच्यांनी हातांनी माती उपसून मला काढले आणि दुपारनंतर एका मालमोटारीतून बऱ्याच जणांबरोबर सोलापूरला नेले. तिथे एका व्हरांड्यात, फरशीवर उकिडवे बसलेल्या एका तरुण डॉक्टरने माझा पाय बघितला. त्याने केसपेपर मागितला नाही, सोबत कोण आहे हे विचारले नाही. 'कितवीत आहेस?' एवढेच विचारले आणि मी उत्तर देत असताना पाय सरळ केला. मी ओरडलो, तो म्हणाला, 'झालं.' त्याचे नाव मला माहीत नाही. तो माझा देवमाणूस. आज मी दोन्ही पायांवर उभा राहून वर्गात शिकवतो ते त्याच्यामुळे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आणि तरीही माझे म्हणणे असे आहे, की त्या डॉक्टरने नव्हे, पण त्याच्या आठवणीने आमचे नुकसान केले. स्वतःच्या कृतज्ञतेवर संशय घेणे सोपे नसते. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

त्या दिवसांत लष्कर आले, स्वयंसेवी संस्था आल्या, सोलापूर, अंबाजोगाई, पुणे, मुंबई अशा ठिकाणांहून डॉक्टरांची पथके आली. पूर्वी कधी नव्हते आणि पुढेही कधी नसणार होते इतके डॉक्टर काही आठवडे आमच्या गावांत होते. आमच्याकडची म्हातारी माणसे अजून म्हणतात, 'भूकंपात डाक्टर लई झालते.' जणू डॉक्टर हे मृगाच्या किड्यांसारखे ऋतूने येणारे पीक आहे! मग तंबू उठले. पथके गेली. आमच्या मनात एक गोष्ट पक्की बसली ती अशी: वैद्यकीय मदत बाहेरून येते, संकटानंतर येते, कोणाच्या तरी दयेने येते आणि आल्यावर हात जोडायचे असतात.

याच्या शेजारी घरांची गोष्ट ठेवून पाहावी. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घराचे आकार जमिनीच्या मालकीवरून ठरले: अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फूट. त्यावरून आम्ही काय भांडलो! टेप घेऊन भिंती मोजल्या, तहसीलला अर्ज केले, तलाठ्याला घेराव घातला, आपण चारशेत का आणि चुलतभाऊ साडेसातशेत का यावरून भावकीत दावे लागले. त्या भांडणात क्षुद्रपणा होताच, पण त्यात एक शहाणपणही होते. आम्हाला माहीत होते की काय मिळायला हवे, किती मिळायला हवे आणि ते कोणाकडे मागायचे. घराला चौरस फूट होते. दवाखान्याचे मोजमाप मात्र आम्हाला कधी सापडलेच नाही. गावाला किती डॉक्टर, किती परिचारिका, रात्री कोण, फडताळात कोणती औषधे, रुग्णवाहिका किती वेळात, हे आम्ही कोणालाच विचारले नाही. चारशे चौरस फुटांसाठी सोळा अर्ज करणारा माझा काका सर्पदंशाची लस कुठे असते हे न विचारताच गेला, आणि तिच्याविनाच गेला.

अशी मोजमापे देशात नव्हती असे मात्र नाही. भोर समितीने १९४६ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, दीर्घ मुदतीचे उद्दिष्ट म्हणून दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे पंचाहत्तर खाटांचा दवाखाना सुचवला होता. आजचा शासकीय निकष सपाटीच्या प्रदेशात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे आणि त्यात खाटा सहा. पंचाहत्तरवरून सहावर आपण आलो, आणि या घसरणीवर मराठीत एखादी कादंबरी सोडाच, एक बरे स्फुटही माझ्या वाचनात नाही. सायकलवरच्या डॉक्टरांवर मात्र दिवाळी अंकांचे ढीग आहेत.

आता नांदेड. २०२३ च्या ३० सप्टेंबरला भूकंपाला तीस वर्षे पूर्ण झाली. आमच्याकडे स्मृतींना उजाळा देण्याचे आणि कृतज्ञतेचे कार्यक्रम झाले. त्याच मध्यरात्रीपासून पुढच्या चोवीस तासांत नांदेडजवळच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बालके होती. आणखी एका दिवसात आकडा एकतीसवर गेला, त्यांत बालके सोळा. मराठवाड्याने तीस वर्षांच्या अंतराने तीच तारीख दोनदा पाहिली; पहिल्यांदा जमीन हलली होती, दुसऱ्यांदा काहीही हलले नव्हते.

त्या दिवसांत बरीच कारणे पुढे आली. रिक्त पदे, खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण, सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून अखेरच्या घटकेला पाठवलेली माणसे, औषधखरेदीतला घोळ. औषधे पुरेशी होती असा शासनाचा दावाही आला. राज्याची औषधखरेदी २०१७ पासून हाफकिनकडे दिलेली होती, त्याबद्दल तक्रारी झाल्या म्हणून २०२३ मध्ये कायदा करून नवे प्राधिकरण स्थापन झाले. या हस्तांतरणात कोणत्या रुग्णालयाच्या फडताळात काय उरले होते, याचा हिशेब मागणे हे लोकप्रतिनिधीचे खरे काम. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तत्कालीन खासदार विष्णुपुरीला आले. त्यांनी रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि कॅमेऱ्यांसमोर त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले.

त्यानंतर खासदारांवर गुन्हा दाखल झाला. एका मृताच्या नातलगाच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही झाला. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. पण माझ्या मनात राहिली ती त्या चित्रफितीखालची आणि चहाच्या टपरीवरची प्रतिक्रिया. 'बरं झालं', 'असंच पाहिजे', 'माजले होते'. माझ्या स्टाफरूममध्येही, जिथे सगळे नेट-सेट झालेले आहेत, हेच सूर होते आणि खोटे कशाला सांगू, क्षणभर माझाही तोच होता. शौचालय घाण होते हे खरेच. पण सोळा बालकांच्या मृत्यूच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोकांच्या प्रतिनिधीला लोकांच्या वतीने मागावेसे वाटले ते काय, तर एका डॉक्टरचा अपमान. आणि तो मिळाल्यावर लोक बरेचसे शांत झाले! सफाई कामगारांची पदे किती मंजूर आणि किती भरलेली, हा प्रश्न त्या झाडूबरोबरच कोपऱ्यात उभा राहिला. एखाद्या माणसाला मखरात बसवणारा समाजच त्याला संडासात उभा करू शकतो. दोन्ही वेळा त्याचे लक्ष त्या माणसावरच असते. इमारत त्याला दिसत नाही.

धुळ्याची गोष्ट याहून भीषण आहे. मार्च २०१७ मध्ये तिथल्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण आला. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ तिथे नव्हता, म्हणून रुग्णाला दुसरीकडे न्यावे लागेल असे अस्थिरोग विभागातल्या निवासी डॉक्टरने सांगितले. नातलगांनी त्याला मारले. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर झाले, सुरक्षारक्षकांची चर्चा झाली, २०१० च्या हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची पुन्हा एकदा आठवण निघाली. धुळ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी मेंदूचा शल्यविशारद का नव्हता, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. जो डॉक्टर हजर होता त्याने मार खाल्ला, आणि ज्याची नेमणूकच झाली नव्हती त्याला मारणार तरी कोण?

हे आपल्या भाषेतच भिनलेले आहे. मराठीत 'हातगुण' असा एक सुंदर आणि वैतागवाणा शब्द आहे. औषधाचा गुण येतो तो औषधात नसतो, निदानातही नसतो, तो हातात असतो. आणि हात काही बदलीवर पाठवता येत नाही. त्याच भाषेत 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हणही आहे. संस्कृतातल्या एका सुभाषिताने तर वैद्याला यमाचा भाऊ ठरवले आहे, यम नुसते प्राण नेतो आणि हा पैसेही नेतो म्हणून. देव किंवा यमाचा भाऊ, या दोन्हींत डॉक्टर पगारी माणूस नाही. त्याला रजा नाही, झोप नाही, त्याच्या हाताखाली परिचारिका नाही, प्रयोगशाळा नाही, त्याने मागवलेली औषधे येण्यासाठी कोणाची सही लागत नाही. सारे काही त्याच्या इच्छेवर. मग माणूस दगावला की त्याने 'केले नाही' एवढाच अर्थ उरतो.

आपल्या वाचकवर्गानेही हाच पाठ गिरवला आहे. हेमलकशाचे आमटे दांपत्य, शोधग्रामचे बंग दांपत्य यांच्याविषयीची पुस्तके आपण संतचरित्रासारखी वाचतो, डोळे पुसतो आणि कपाटात ठेवतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या ज्या कामाचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, त्याचा गाभा काय होता? गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळाची काळजी घरी घेता येते आणि त्यामुळे नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी होतात, हा. म्हणजे तिथे नायक डॉक्टर नव्हताच. नायक होती एक पद्धत, जी दुसऱ्या गावी नेता येते. आपण पद्धत सोडली आणि दांपत्याची पूजा बांधली. आमच्याच भागात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने, दिवंगत डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, भूकंपानंतरच्या काळात गावोगावच्या स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. ताप, जुलाब, गरोदरपण, कधी लगेच हलवायचे आणि कधी घाबरायचे नाही, एवढे जाणणारी गावातलीच बाई. लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून उभे आहे, त्याच्या डॉ. अशोक कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले तेव्हा आम्हाला अभिमान वाटला आणि तो योग्यच होता. पण एखाद्याच्या कर्तृत्वाचा अभिमान बाळगणे आणि तेवढ्यावर जिल्हा सोडून देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कुकड्यांसारखा माणूस प्रत्येक तालुक्याला जन्मावा अशी अपेक्षा करणे म्हणजे पाऊस पडावा म्हणून बेडकाचे लग्न लावणे.

इथे डॉक्टरमंडळी माना डोलावतील. 'आम्ही हेच म्हणतो, रुग्णांच्या अपेक्षा अवाजवी झाल्यात.' थांबा. तुमचाही हिशेब आहे.

सलाईन लावल्याशिवाय गुण येत नाही, सुई टोचली नाही तर डॉक्टरने काही केलेच नाही, असे आमच्या लोकांना वाटते हे खरे. पण हे त्यांना कोणी शिकवले? शेतातून आलेल्या थकलेल्या बाईला पन्नास-शंभर रुपयांत बाटली लावून 'ताकद' देण्याचा धंदा गावागावांतल्या दवाखान्यांनी चालवला, आणि आता त्याच बाईला अडाणी म्हणायचे. दुसरे, तुम्ही अवाजवी अपेक्षांबद्दल बोलता, पण वाजवी अपेक्षा कोणत्या हे भिंतीवर लिहून लावायला सांगितले की तुम्हाला राग येतो. शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाल्या. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. किती ठिकाणी ते दिसते, हे वाचकांनी पुढच्या वेळी स्वतः पाहावे. मला एका ठिकाणी दिसले. त्यावर औषध कंपनीचे कॅलेंडर टांगलेले होते. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, देशातला पहिला, तेव्हा खाजगी डॉक्टर हजारोंनी रस्त्यावर उतरले. त्यांच्या काही हरकतींत तथ्य होते, तातडीच्या उपचारांचे पैसे कोण आणि केव्हा देणार हा प्रश्न रास्तच. पण डॉक्टरांच्या संघटना रुग्णालयातल्या रिक्त पदांसाठी इतक्या संख्येने रस्त्यावर आल्याचे मी पाहिलेले नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईला एका मोठ्या शहरातल्या खाजगी रुग्णालयात दाखल केले होते. कुठले ते सांगण्याचे कारण नाही, कुठलेही असू शकले असते. रात्री अकराला माझ्यापुढे इंग्रजी संमतिपत्र आले, सहा पाने. वीस वर्षे शब्दांचा अर्थ लावण्याचा पगार घेणारा मी, एका ओळीचाही अर्थ न विचारता सहा ठिकाणी सह्या केल्या. विचारले तर चिडतील आणि आईकडे दुर्लक्ष करतील, अशी भीती होती. पाच दिवसांत तिला नेमके काय झाले आहे हे कोणीही खुर्चीवर बसून सांगितले नाही. जे कळले ते लिफ्टमध्ये, उभ्या उभ्या. आई बरी होऊन घरी आली. तक्रार कशाची करणार? पण त्या रात्री मला कळले की शिक्षणाने ही भीती जात नाही. मग तिसरीपर्यंत शिकलेल्या, कन्नड-मराठी मिसळून बोलणाऱ्या, उमरग्याच्या अलीकडच्या शेतमजुराचे काय होत असेल?

कायद्याने त्याला कुठे बसवले आहे तेही पाहण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, व्ही. पी. शांता खटल्यात, वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. मोठा निर्णय होता. मात्र जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय त्याच्या बाहेर राहिले. केसपेपरची नाममात्र रक्कम भरल्याने माणूस ग्राहक होत नाही. म्हणजे पैसे मोजणारा तो 'ग्राहक', न मोजणारा तो 'लाभार्थी'. ग्राहक भांडू शकतो, लाभार्थ्याने आभार मानायचे. लाभार्थी हा शब्द आपल्या शासकीय मराठीने गेल्या काही दशकांत इतका रुळवला आहे की नागरिक म्हणून एक शब्द होता याचा विसर पडावा. वास्तविक त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराच्या प्रकरणात वेगळी वाट दाखवली होती. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले. शेवटी त्याने पदरचे पैसे घालून खाजगीत उपचार घेतले. न्यायालयाने त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही असे बजावले. आमच्याकडे या प्रकाराला एक क्रियापद आहे, 'रेफर करणे'. इकडून तिकडे, तिकडून लातूरला, लातूरहून सोलापूरला, मग 'पुण्याला हलवा'. त्या निकालाची प्रत आमच्या एकाही वकीलमित्राने कधी एखाद्या रेफर-चिठ्ठीला जोडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

लातूरविषयी बोलताना एक गोष्ट टाळता येणार नाही. आमचा जिल्हा डॉक्टर पिकवतो. लातूर पॅटर्नची कीर्ती राज्यभर आहे. दरवर्षी इथल्या शिकवणीवर्गांतून मुलेमुली वैद्यकीय महाविद्यालयांत जातात. त्यांतली काही अकरावी-बारावीला माझ्याकडे मराठी घेतात, गुणांसाठी. 'माझे ध्येय' या निबंधात ती सगळी 'मला डॉक्टर होऊन खेड्यातील गोरगरिबांची सेवा करायची आहे' असे लिहितात आणि मीही त्या वाक्याला आजवर गुण देत आलो. पुढे एमबीबीएस झाल्यावर वर्षभराच्या ग्रामीण सेवेचे बंधपत्र येते. दंड भरून त्यातून सुटण्याची सोय वर्षानुवर्षे होती आणि ज्यांना परवडत होते त्यांनी ती वापरली. त्या मुलांना मी दोष देत नाही. ज्या केंद्रात राहायला खोली नाही, पाणी नाही, सोबत परिचारिका नाही, आणि बिघडले तर मार खायची तयारी हवी, तिथे सेवाभावाच्या भांडवलावर कोण टिकेल? निबंधातला 'सेवा' हा शब्दच मी आता खोडतो आणि समासात 'नोकरी' लिहितो. एका पालकाने त्याबद्दल प्राचार्यांकडे तक्रार केली आहे. असो.

ब्रिटनमध्ये असलेला माझा एक मावसभाऊ तिथल्या सरकारी आरोग्यसेवेविषयी फोनवर सतत कुरकुरतो. तज्ज्ञाच्या भेटीला अठरा आठवडे म्हणतात आणि त्याहून जास्त लागतात, असे त्याचे गाऱ्हाणे. मी त्याला म्हटले, तुझे गाऱ्हाणे मला ऐकू दे, मला त्याचा हेवा वाटतो. तुला आठवडे मोजता येतात.

असे मोजणे आमच्याकडे कधीच झाले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुण्याच्या 'साथी' संस्थेच्या समन्वयाने, पाच जिल्ह्यांत. त्यांत आमच्या शिवेला लागून असलेला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. गावकऱ्यांनीच आपल्या उपकेंद्राचे आणि आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक भरायचे, हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत; आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे. परिचारिका येते का, लसीकरण होते का, औषध आहे की बाहेरून आणायला चिठ्ठी देतात, कोणी पैसे मागितले का. या प्रश्नांत देवमाणूस कुठेच नाही. त्यांतला एकही प्रश्न डॉक्टर चांगला आहे की वाईट असे विचारत नाही. आणि माझ्या मते आरोग्यसेवेकडून जनतेची अपेक्षा काय असावी, याचे मराठीत दिले गेलेले हे सर्वांत प्रौढ उत्तर आहे. मराठी वाङ्मयीन जगाने त्याची दखल घेतली नाही. आम्ही त्या वेळी बहुधा देशीवादावर वाद घालत होतो.

गेल्या वर्षी आमच्या पुनर्वसित गावाच्या ग्रामसभेत मी एक विषय मांडला. उपकेंद्राबाहेर एक फळा असावा आणि त्यावर कोण, कोणत्या वेळी, कोणती औषधे, रुग्णवाहिकेचा क्रमांक, एवढे लिहिलेले असावे. सरपंच म्हणाले, 'सर, आधी हायमास्टचं बघू.' लोक हसले. विषय गुंडाळला जाणार एवढ्यात मागे बसलेली एक म्हातारी उभी राहिली. भूकंपात तिच्या घरातली चार माणसे गेली होती, हे गावात सर्वांना माहीत असल्यामुळे ती बोलू लागली की कोणी मध्ये बोलत नाही. ती म्हणाली, 'रातच्याला डाक्टर असतोय का नाही, तेवढं लिवा आधी.'

ग्रामसेवकाने मला विचारले, 'सर, हे ठरावात कसं लिहू?' मी बराच विचार करून 'रात्रपाळीस वैद्यकीय अधिकारी उपलब्ध असल्याबाबतची माहिती दर्शनी भागी प्रसिद्ध करण्यात यावी' असे वाक्य सांगितले. त्याने ते लिहून घेतले. मग मी त्याला ते खोडायला लावले आणि म्हातारीचे वाक्य जसेच्या तसे घालायला सांगितले. ठराव पंचायत समितीकडे गेला आहे. उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आम्ही तो पुन्हा घेतला आहे.